सुशीलाचा बाप्तिस्मा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, पाळकांनाही नाही. प्रार्थना करतानासुद्धा या जागी आले की विषय बदलते.

सुशीला माझी भावजय. हिंगणघाटला माझ्या आईला तीच सांभाळायची. शेवटी शेवटी आईला काही आठवेनासं झालं होतं. बाहेर पडली तर घर सापडायचं नाही. म्हणून मागच्या दाराला कायम कडी. मी माहेरी आले होते, त्या दुपारी ती कडी लागलेली नव्हती. आई हायवेवर गेली — ट्रकखाली आली.

भाऊ सुशीलाला बोलला. शेजारीपाजारी बोलले. आधी ती म्हणायची, ‘म्या लावली होती.’ मग म्हणू लागली, ‘लावली असन.’ मग तेही म्हणेना. माणूस स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास असा सोडून देतो? मी समोर बसून पाहिलं ते.

कडी मी काढली होती. फोनवर बोलायला मागच्या अंगणात गेले आणि बोलत बोलत पुढच्या दारानं आत आले. आईला घरी आणलं तेव्हा आठवलं — लख्ख आठवलं. तेव्हा बोलता आलं नसतं का? आलं असतं. भाऊ तोंड पाहणार नाही, ही भीती होती.

लग्नानंतर सुशीला आमच्याबरोबर चर्चला यायची, पण बाप्तिस्मा घेतला नव्हता. आई गेल्यावर वर्षभरानं तिनंच तो मागितला. वणा नदीच्या काठावर तिनं माझा हात धरला.

“माह्या चुकीनं आई गेल्या, ताई. पाण्यात उतरल्यावर ते पाप नाई राह्यत न?”

“नाही राहत,” मी म्हणाले.

पाळकांनी तिला पाण्यात बुडवून वर काढलं. ती तशीच ओली येऊन मला बिलगली. रडत होती, हसतही होती. कसली क्षमा मिळाली तिला? तिनं तर काही केलंच नव्हतं. माझाही बाप्तिस्मा याच नदीत झालेला — पण जे मी कबूलच केलं नाही, त्याची क्षमा कुठून येणार?

आता बायकांच्या प्रार्थनासभेत ती साक्ष देते. “माह्या हातून सासूचा जीव गेला, तरी देवानं मले माफ केलं.” नव्यानं आलेल्या बायका डोळे पुसतात. मग सगळ्या आमेन म्हणतात.

मीही म्हणते.