रेडिओचं पांघरूण

आमचा रेडिओ तिसऱ्यांदा बंद पडला, त्या उन्हाळ्यात मी वहीत नवं पान काढून वर लिहिलं, 'रेडिओ'. किराणा, धोबी, कंदिलाच्या काचा, सगळ्यांची पानं होती; याचंच नव्हतं.

सासरे बडनेऱ्याला रेल्वेत इंजिनांचे फिटर होते. निवृत्त होऊन अकोल्याला आमच्याकडे आले आणि दोन वर्षांत त्यांची नजर गेली. हे ऑफिसात, मी शाळेत शिकवायला. दिवसभर त्यांच्याशी बोलणारा घरात एक रेडिओच. तो बंद पडला की ते अर्ध्या ताटावरून उठत आणि भिंतीकडे तोंड करून बसत. तक्रार एका शब्दाची नाही. तेच मला बघवत नसे.

दुरुस्तीवाल्याने आधी दोनदा आतले काचेचे व्हॉल्व्ह बदलून दिले होते. तिसऱ्यांदा म्हणाला, "वयनी, बुढा झाला हा. नवा घ्या."

"उघडा. मला बघायचंय."

"बायाचं काम नोहे हे. झटका बसते."

"तो तुम्हालाही बसतो. उघडा."

स्टूल ओढून मी बसले आणि लिहीत गेले. कोणता भाग कुठे, कोणत्याचं काय नाव, प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज राहते ती आधी कशी उतरवायची. प्रत्येक उत्तर त्याच्या तोंडातून ओढून काढावं लागलं. एक कंडेन्सर गेलाय, बाकीचेही जातील, हात लावण्यात अर्थ नाही, एवढं कळलं. आपणहून तो बोलला ते फक्त माझ्या कव्हरविषयी. मखमलीवर मी मोर भरला होता. पुढची तबकडी तेवढी उघडी, बाकी सगळीकडून घट्ट. धूळ जाऊ नये म्हणून रेडिओ चालू असतानाही ते काढत नसू. "काय नक्षी हाये वयनी! असंच जपा."

रेडिओ उचलून घरी आणला. जुन्या कंडेन्सरवरचा आकडा दाखवून तसाच नवा विकत घेतला. दुकानासमोर डबे-कंदील सांधणारा बसे, त्याच्याकडून डाग द्यायला शिकले. पहिले चार डाग त्याने हसत पुसले, पाचवा बसला. रविवारी सकाळी शेगडीवर त्याचीच डागणी तापवून, राळ लावून, मी तारा जोडल्या. रेडिओ बोलला. मी कव्हर पुन्हा चढवलं. सासरे खाटेवरून उठून चाचपडत आले.

तासाभराने त्यांनी त्याच्यावर हात ठेवला आणि झटकन काढला.

"सूनबाई, हे काय तापून राहिलं? इंजिनले कोनी दुलई पांघरवते काय?"

कव्हर काढून मी रेडिओची पाठ उघडली. उरलेल्या कंडेन्सरांचं मेण वितळून खाली ओघळलं होतं. अकोल्याचा मे महिना, आत पाच व्हॉल्व्हची धग, वर माझी मखमल. व्हॉल्व्ह-कंडेन्सर आपोआप जात नव्हते, मी ते भाजून काढत होते.

तशीच दुकानात गेले. "कव्हरमुळे जळतो, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं ना."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं कुठी?"

मागच्या फळीवर दुरुस्तीला आलेले आठ-दहा रेडिओ होते. क्रोशाचे, मखमलीचे, झालरीचे, प्रत्येकाला कव्हर. एका-एका घरातल्या बाईने डोळे फोडून विणलेलं, भरलेलं. आणि त्याचा स्वतःचा, दिवसभर गाणारा रेडिओ कोपऱ्यात उघडाबोडका, पाठ काढून ठेवलेला. त्याच्यासमोर स्टुलावर बसून मी अख्खं पान भरलं होतं, आणि एवढं एक टिपलं नव्हतं. त्याचा जास्त राग आला की माझा, हे मला आजही ठरवता येत नाही.

त्या मखमलीची मी भांडी उतरवायची फडकी केली. आमच्या ओळीतल्या सगळ्या घरांत जाऊन सांगून आले. निम्म्यांनी ऐकलं, निम्म्या म्हणाल्या, मग धूळ बसते त्याचं काय? पुसा, म्हटलं.

संध्याकाळच्या बातम्यांआधी सासरे रोज रेडिओच्या डोक्यावर तळवा ठेवत. "हं, बरा हाये." मग जेवायला बसत, आणि ताट पूर्ण करून उठत.