फोटोतून माणूस काढणारे मास्तर

त्या दिवशी दुपारी मास्तरांनी आपल्या मुलाचा चेहरा एका फोटोतून कापला. कंप्युटरने इंग्रजीत एक प्रश्न विचारला. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "हो म्हणा." त्यांनी हो म्हटलं.

मास्तर म्हणजे राजिवड्यातले ड्रॉइंगमास्तर. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, पांढरी दाढी नीट कातरलेली, खिशाला कायम दोन पेन्सिली. त्यांचं नाव शाळेच्या हजेरीपटाबाहेर कुणी घेतलेलं मी ऐकलं नाही. मी तेव्हा वाचनालयात ग्रंथपाल होतो. आमच्याकडे कंप्युटरचं एक मासिक येई आणि त्याला सीडी चिकटवलेली असे. नियमाप्रमाणे मासिक घरी नेता येई, सीडी नाही. मास्तर टेबलासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "अहो लायब्ररी, नारळ देताय आणि पाणी काढून घेताय, हा कुठला न्याय?" मी सीडी दिली. तेव्हापासून त्यांच्यासाठी मी कायमचा 'लायब्ररी' झालो.

त्या सीडीवर फोटो बघायचा एक प्रोग्रॅम होता. फुकटचा. फोटो उघडायचा, लहानमोठा करायचा, फिरवायचा, उजळ करायचा, चौकोन आखून हवा तेवढा भाग कापायचा, एवढंच त्याला येई. पण ते पटकन येई. कुवेतला असणाऱ्या मेहुण्याने मास्तरांना कंप्युटर आणि स्कॅनर धाडला होता, आणि त्या वस्तूंचं करायचं काय हे या प्रोग्रॅममुळे त्यांना समजलं. परमुलखातल्या कुणा माणसाने तो बनवून लोकांना वाटून टाकला होता, याचं मास्तरांना फार अप्रूप. "ही सबील आहे, लायब्ररी," ते म्हणत. "रस्त्यावर पाण्याचं मडकं भरून ठेवतात ना, तशी. तहानलेल्याने प्यावं आणि दुवा द्यावी." प्रोग्रॅम उघडताना ते खरोखरच ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत.

त्यांच्याकडे लोक येत ते माणूस काढून घ्यायला. घरात कुणी गेलं की फोटो हवा असतो, आणि गेलेल्याचा एकट्याचा फोटो बहुधा नसतोच. असतो तो लग्नातला, सत्यनारायणातला, सोसायटीच्या सभेतला, तिसऱ्या रांगेत, अर्धा चेहरा दुसऱ्याच्या टोपीआड. मास्तर तो स्कॅन करत, चेहरा वेगळा करत, कपाळावरची सावली हटवत, आणि फ्रेमच्या मापाला आणून देत. सावर्ड्याहून एकजण वडिलांचा फोटो घेऊन आला. म्हणाला, "मास्तर, अंगात कोट घालता येईल काय?" मास्तर म्हणाले, "बापाने जन्मात कधी कोट घातलान काय?" "नाय." "मग आता मेल्यावर कशाला उकडवतोस त्याला?"

जिवंत माणसाला मात्र ते कापत नसत. फोटो हातात घेतला की पहिला प्रश्न ठरलेला: "आहे की गेला?" आहे म्हटलं की फोटो परत. "आहे ना, मग त्यालाच घेऊन या. इथे बसवू, नवा फोटो काढू. चारचौघांत उभा असलेला जिवंत माणूस बाजूला काढू नये." लांज्याची एक बाई लग्नाचा फोटो घेऊन आली होती. तिला त्यातून जाऊबाई काढून हव्या होत्या. मास्तरांनी विचारलं, "गेल्या काय?" ती म्हणाली, "छे हो, चांगल्या धडधाकट आहेत." "मग आत्ता नाय जमणार," मास्तर म्हणाले. "त्या गेल्या की या." बाई आधी रागावली, मग पदर तोंडाला लावून हसत सुटली.

इंग्रजी त्यांना अक्षरं जुळवून वाचता येई, अर्थ लागत नसे. प्रोग्रॅम मध्येच एखादी चौकट पुढे करून काहीतरी विचारी. मास्तर घाबरून हात मागे घेत, आणि ती चौकट एका वहीत काढत. लिहून घेत नसत, काढत. कडा, बटणं, बटणांच्या सावल्या आणि आतलं एकेक अक्षर जसंच्या तसं. मग कंप्युटर तसाच चालू ठेवून वही घेऊन वाचनालयात येत. "बघा, काय म्हणतो हा?" मी चौकटीखाली मराठीत अर्थ लिहून देई. अशी वही अर्धी भरली होती. त्यात एका पानावर माझ्याच अक्षरात आहे: 'या नावाचा फोटो आधीच आहे. तो पुसून त्याच्या जागी हा ठेवू का?' आणि त्याखाली, मीच लिहिलेलं: 'नेहमी नाही म्हणावे. नवे नाव द्यावे.' मास्तरांनी त्याभोवती लाल पेन्सिलीने महिरप काढली होती.

मुनीर हा त्यांचा एकुलता मुलगा. मोठी मुलगी लग्न होऊन मिरकरवाड्याला गेलेली. मुनीरला चित्रकलेत गती नव्हती आणि शाळेतही नव्हती. तो मामाच्या लाँचवर मासेमारीला जाई. उंच, लाजरा, बोलण्यापेक्षा हसणं जास्त. त्याच्या आईला, म्हणजे आम्ही ज्यांना चाची म्हणत असू त्यांना, घरात तसबिरी चालत नसत. गावभराचे चेहरे नीट करणाऱ्या मास्तरांच्या भिंतीवर कॅलेंडरखेरीज काही नव्हतं. चाचींनी स्वतःचाही फोटो कधी काढू दिला नव्हता. कुणी कॅमेरा काढला की त्या चुलीकडे निघून जात.

त्या वर्षीच्या ईदला कुवेतहून मास्तरांचा भाचा आला तो डिजिटल कॅमेरा घेऊन. अंगणात सगळ्यांना उभं केलं. चाची नेहमीप्रमाणे आत निघाल्या, तर मुनीरने त्यांना हाताला धरून ओढत आणलं, शेजारी उभं केलं आणि त्या पळू नयेत म्हणून खांद्यावर हात टाकून घट्ट धरून ठेवलं. चाची त्याला शिव्या घालत होत्या आणि हसत होत्या. तेवढ्यात भाच्याने बटण दाबलं. मी शेवया खायला गेलो होतो, म्हणून मला हे माहीत. मास्तरांनी फोटो कंप्युटरवर उतरवून घेतला, भाच्याने कॅमेऱ्यातलं कार्ड रिकामं केलं आणि तो परत गेला. मास्तर मला म्हणाले, "याला निगेटिव्ह नाय, लायब्ररी. आहे तो हाच." आणि चार दिवसांनी हसत सांगू लागले, "तुमची चाची रोज येऊन बसते. म्हणते, ईदचा फोटो दाव. भिंतीवर चालत नाय, पण कंप्युटरात चालतं."

दोन महिन्यांनी लाँच बंदरातून गेली ती परत आली नाही. वर मुनीर धरून पाच माणसं होती. वारा नव्हता, वादळ नव्हतं. काय झालं ते कुणालाच कळलं नाही, आजही माहीत नाही. मामाने दुसऱ्या लाँचा पाठवल्या, त्या रिकाम्या परतल्या. पाचव्या दिवशी ठरलं की किनाऱ्यावरच्या गावांतून चौकशी व्हावी म्हणून वर्तमानपत्रात फोटो द्यायचे. मुनीरचे शाळेतले फोटो तो बारा वर्षांचा असतानाचे. ओळखपत्रं पाकिटात, आणि पाकीट त्याच्याबरोबर. मोठेपणीचा फोटो एकच, ईदचा. कचेरीतून निरोप आला की फक्त चेहरा पाठवा, फाईल अगदी लहान करा, आणि चारच्या आत ईमेल करा, तर उद्याच्या अंकात येईल.

मास्तरांनी मला बोलावून घेतलं. मी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसलो. दारात माणसं होती, आत बायका होत्या. मास्तरांनी फोटो उघडला आणि मुनीरच्या चेहऱ्याभोवती चौकोन आखला. चौकोन आखून झाल्यावर ते थांबले आणि हळूच म्हणाले, "कापत नाय हां मी. शोधायला देतोय." मग त्यांनी कापलं, पासपोर्ट फोटोपेक्षाही लहान केलं आणि सेव्ह केलं. चौकट आली. वही तिथेच, कीबोर्डखाली होती. ती त्यांनी उघडली नाही, कारण मी शेजारी होतो.

"काय म्हणतो हा?" त्यांनी विचारलं.

मी वाचलं. इंग्रजी मला चांगलं येत होतं. माझं लक्ष घड्याळाकडे होतं.

फ्लॉपी घेऊन मी सायबर कॅफेत धावलो. दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला. त्यातून काही निष्पन्न झालं नाही.

आठवड्याने मी त्यांच्याकडे गेलो असताना चाची आतून आल्या. कितीतरी दिवसांनी त्या खोलीबाहेर येत होत्या. म्हणाल्या, "ईदचा दाव जरा. माझ्या खांद्यावर हात ठेवलान होता, तो." मास्तरांनी उघडला. काळ्या पडद्याच्या मधोमध एक चेहरा आला, बोराएवढा. मास्तरांनी बाणाची कळ दाबली, पुढचा फोटो अंगणातल्या शेळीचा. मागचा कुणाच्या तरी आजोबांचा. पुन्हा मुनीर, बोराएवढा. खालच्या कोपऱ्यात चाचींच्या ओढणीची एक निळी रेघ राहिली होती. मास्तरांनी तो मोठा केला, आणखी मोठा केला, तशी नाक-डोळे जाऊन नुसते चौकोन आले.

"हात कुठे गेला?" चाचींनी विचारलं.

मला समजलं होतं. मास्तरांनाही समजलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, "माझ्या हातून झालं. कापताना पुसलं गेलं."

मी तिथेच होतो. मी बोललो नाही.

नंतर जे करता येईल ते केलं. भाच्याला फोन झाला. कार्डावर नवे फोटो भरून झाले होते. खेडला एक कंप्युटरवाला पुसलेलं परत आणतो असं कळलं, म्हणून डिस्क काढून तिथे नेली. त्याने तीन दिवस ठेवून घेतली आणि म्हणाला, "नुसतं पुसलेलं असतं तर आलं असतं. इथे त्याच्याच वर दुसरं लिहिलं गेलंय." परतताना एसटीत मी मास्तरांना म्हणालो, "चूक माझी होती. आणि असला प्रोग्रॅम तरी काय कामाचा, एका कळीत सगळं घालवतो." मास्तर खिडकीबाहेर बघत होते. "त्याला दोष देऊ नका," ते म्हणाले. "त्याने विचारलं होतं." माझ्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत, तेव्हाही आणि पुढेही.

शाळेत मास्तर मुलांना चित्र मोठं कसं करायचं ते शिकवत: लहान चित्रावर चौकोन आखा, मोठ्या कागदावर मोठे चौकोन आखा, एकेका चौकोनात काय आहे ते बघून भरा. त्यांनी तेच सुरू केलं. पडद्यावर चेहरा फुगवून, एकेक ठिपका बघून, मोठ्या कागदावर एकेक चौकोन रंगवायचा. पाच महिने ते रोज सकाळी हे करत होते. काढलेला चौकोन पसंत पडला नाही तर पूर्ण ओळ नव्याने. लोक फोटो घेऊन येत, त्यांना "मशीन बिघडलंय" सांगत. मी एकदा म्हणालो, "मास्तर, त्या फाईलीत जे नाही ते कागदावर कुठून येणार?" ते म्हणाले, "ते मला कळतं हो. मी तीस वर्षं शिकवलंय ते."

चित्र झालं तेव्हा त्यांनी ते अंगणात भिंतीला टेकवलं आणि मला फाटकापाशी उभं केलं. जवळून रंगीत फरशी वाटे, पण फाटकातून खरोखरच एक चेहरा दिसत होता. तरुण, जरा हसणारा. मास्तरांनी चाचींना बोलावलं. त्या माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्यो माझा नाय." मग आत गेल्या. मास्तरांनी चित्राची गुंडाळी केली. ती पुढे मला कुठे दिसली नाही.

त्या घरात त्यानंतर बोलणं राहिलं नाही. चाची जेवण वाढत, कपडे धूत, औषध काढून समोर ठेवत. पण त्या मास्तरांशी बोलत नसत. मुलगी मधे पडली, मशिदीतले वडीलधारे सांगून गेले. चाचींचं एकच म्हणणं: "गावच्या मेलेल्यांना जपलान आणि माझ्या पोराला पुसलान." मास्तर ऐकून घेत. मुनीर आहे की गेला, हे कुणी त्यांना विचारत नसे. त्यांनीही कधी म्हटलं नाही.

मी दर शुक्रवारी जाई. दर वेळी ठरवून जाई की आज चाचींना सांगायचं. दारात चपला काढेपर्यंत ते ठरलेलं असे. एकदा मास्तरांच्या ते लक्षात आलं असावं. फाटकापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "लायब्ररी, तिला कुणावर तरी रागवायला हवंय. घरातल्या माणसावर रागावता येतं. तुम्ही चार दिवसांनी यायचे बंद व्हाल, मग ती रागवायची कुणावर?" मी ते मानलं. त्यांच्या भल्यासाठी मानलं असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं तर मला सुटका हवी होती आणि त्यांनी ती दिली.

लाँच गेल्याला दोन वर्षं होऊन गेली, तेव्हा मास्तर गेले. ताप आला, चार दिवस अंथरुणावर होते. शेवटच्या दिवशी चाची उशाशी बसल्या होत्या, पण बोलल्या नाहीत, असं मुलीने मला सांगितलं. घर आवरताना तिने कंप्युटर मला दिला. तो आता सुरू होत नाही. त्याआधी मी मुनीरची फाईल उतरवून घेतली होती. ती माझ्याकडे आहे.

चाची मिरकरवाड्याला मुलीकडे असतात. त्यांना वाचता येत नाही. मी गेलो की चहा करतात, माझ्या गुडघ्यांची चौकशी करतात. मास्तरांचा विषय त्या काढत नाहीत. त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.