दुबईत नोंदवलेला माझा हात

गेल्या उन्हाळ्यात दुबईच्या एका दुकानदारानं आमच्या हळदीची पाकिटं परत पाठवली. कारण काय, तर म्हणे पाकिटावरचा हात दुसऱ्याचा आहे.

हात माझा. उजवा. आमच्या गावात, कुरुंद्यात, बचत गटातल्या बायकांनी हळद दळून विकायला घेतली, तेव्हा पहिल्या पिशवीवर मीच तो ओल्या हळदीत बुडवून उमटवला होता, लग्नघराच्या भिंतीवर उमटवतात तसा. माझी करंगळी वाकडी आहे, ती छापातही वाकडीच आली. तोच आमचा मार्का झाला. आणि आता मीच नकली!

सून मोबाइल घेऊन आली. "आई, तिथं ह्या हाताची नोंद दुसऱ्याच्या नावावर हाये."

"कोणाच्या?"

तिनं नाव सांगितलं आणि माझ्या कपाळाची शीर तटतटली. आमचं पहिलं परदेशी गिऱ्हाईक! सुरुवातीला आमची हळद दुबईत तोच विकायचा. पुढं भाव पाडायला लागला, म्हणून आम्ही दुसरा दुकानदार धरला होता.

काही वर्षांपूर्वी हा बाबा माल बघायला घरी आला होता. तेव्हाची मी म्हणजे बावळटांची पाटलीण. दारात गाडी थांबली तर कपाटातली नवी साडी नेसून उभी! तो "अम्मा, अम्मा" करत होता आणि मी तुपासारखी पातळ होऊन राहिले होते. बायकांना सांगत होते, "बघा गं, कसं लेकरावाणी बोलतंय." पुरणपोळी वाढली. त्याच्या बायकोसाठी खण दिला. निघताना म्हणाला, "अम्मा, नयी दुकान ले रहा हूँ. अपने हाथ का छापा दे दीजिए, दीवार पर लगाऊँगा. शगुन होगा."

झालं! बाई पदर खोचून पाटावर बसल्या. कोऱ्या कागदावर छापा दिला. तो फिका वाटला म्हणून दुसरा दिला, चांगला ठळक. त्यानं तो भिंतीवर नाही, तिथल्या सरकारी कचेरीत लावला.

आमची नोंदणी नव्हती असं नाही. सुनेनं धावपळ करून इथं ट्रेडमार्क घेतला होता. तेव्हाच ती म्हणाली होती, "आई, जिथं माल धाडू तिथंबी अर्ज करावा लागतो." मी मोठी शहाणी! "काहून? सरकारचा कागद हाये न हा? जगात कुठंबी चालंल." त्याला फ्रेम करून देवाशेजारी टांगलं आणि रोज हळदकुंकू वाहत राहिले. जणू दुबईचे साहेब तो बघून खुर्चीवरून उठणार होते. नांदेडच्या वकीलबाईंनी आता एका वाक्यात सांगितलं, भारतातली नोंदणी भारतापुरती.

मी त्या माणसाला फोन लावला.

"अम्मा! कैसी हैं?"

मी मराठीतच सुरू केलं. मला हिंदीत नीट चिडता येत नाही. "मेल्या, तो हात कोणाचा हाये?"

"अम्मा, धंधा है. पहले अर्ज़ी मैंने डाली. आप मेरे ज़रिये माल भेजिए ना, कोई तकलीफ़ नहीं होगी."

म्हणजे माझाच हात मला तिथं दाखवायचा, तर त्याच्या मार्फत, तो म्हणेल त्या भावात.

"तुझ्या घरात कोणाची करंगळी अशी वाकडी हाये का रे?"

फोन बंद.

त्यानं चोरून पोतं नेलं असतं तर मी चार शिव्या देऊन गप्प बसले असते. ह्यानं आशीर्वाद मागून नेला आणि त्याच्यावर मालकी लावली. अजून आठवलं की हातातलं भांडं आपटतं.

सून बिचारी समजुतीनं म्हणाली, "तिकडच्या पाकिटावर फूल छापू. भांडण नको."

"छाप. अन् खाली लिही, हात चोरीला गेलाय."

वकीलबाईंनी समजावलं की ती नोंद रद्द करायला अर्ज करता येतो. हात आपण आधीपासून वापरतोय, हे जुनी पाकिटं आणि बिलं दाखवून पटवावं लागेल. वेळ लागेल, हरूही शकतो. तोवर हाताचं पाकीट तिथं पाठवायचं नाही. गटात चर्चा झाली. माझी जाऊ जात्यासारखी घरघरली, "तुमच्या एकटीचा हात हाये का तो? दळून दळून आमचे गळून राहिलेत. लढा!" मग ठरलं. तोवर साधं पाकीट जाईल. आणि ह्यापुढं नव्या देशात आधी अर्ज, मगच चिमूटभर हळद.

परवा वकीलबाई आल्या. अर्जाला माझ्या हाताचा ताजा ठसा हवा होता. सून हळद कालवून समोर उभी राहिली. मी हात पाठीमागं घेतला.

"आधी कागदावर लिहा, हा ठसा कशासाठी अन् कोणासाठी."

त्या हसल्या. "आजी, मी तुमचीच वकील आहे."

"तो तर माझं लेकरू होता."

त्यांनी लिहून दिलं. मी ते सुनेकडून दोनदा वाचून घेतलं. मग हळदीत हात बुडवला आणि असा दाबला, की टेबलावरच्या चहाच्या कपबश्या नाचल्या.