भरल्या गाडीचा बेस

बिराप्पांनी उमरगा ते मुरूम तीस वर्षं काळी-पिवळी जीप चालवली. जीप नऊ माणसांची आहे असं कागदावर लिहिलेलं होतं, पण तो कागद त्यांनी कधी मनाला लावून घेतला नाही. पंधरा जण बसल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही, आणि सोळावा आला तर पंधरा जणांना म्हणायचं, "सरका की जरा, हवा काय बसवून नेता व्हय?"

पुढं घरोघरी मोटारसायकली आल्या. जीप गेली. बिराप्पांनी एक जुनी छोटी कार घेतली. गेल्या वर्षी त्यांची बायको हरणाबाईही गेल्या, आणि ज्या माणसाच्या मांडीवर एकेकाळी गिअरसकट दोन प्रवासी असायचे, तो बाजारातून एकटा भाजीची पिशवी शेजारच्या सीटवर बसवून येऊ लागला. पिशवी पडू नये म्हणून तिला पट्टासुद्धा लावायचे. आम्ही हसायचो. तेही हसायचे.

एकुलती एक लेक जगदेवी हुमनाबादला दिलेली. नागपंचमीला लेकीला आणायला माहेरचा माणूस जातो, त्याला आमच्याकडं मुराळी म्हणतात. आई गेली त्या वर्षी सण नव्हता. आईविना यंदाची पहिलीच पंचमी, त्यामुळं लेक येते की नाही याची बिराप्पांना धाकधूक होती. फोनवर ती म्हणाली, "बघते आप्पा." मागून नातू रुद्रेश ओरडला, "अज्जा, तुमच्या गाडीत बेस हाय का?"

"बघते" आणि "बेस" या दोन शब्दांवर बिराप्पा दुसऱ्या दिवशी सकाळी इरशादच्या दुकानात हजर.

इरशाद हायवेवर गाड्यांच्या टेपचं काम करतो. त्यानं कार पाहिली. "मामा, ये कंपनीका टेप है. यात बेसच्या स्पीकरची, सबवूफरची लाईनच न्हाय. टेप बदलू."

"कंपनीच्या फिटिंगला हात लावायचा न्हाय."

"मग बेस कुठून आणू, विहिरीतून?"

शेवटी इरशादनं मागच्या स्पीकरच्या वायरीतून सिग्नल काढला, बॅटरीवरून एक वायर आत ओढली, तिला फ्यूज घातला आणि दुकानातला सगळ्यात स्वस्त सबवूफर डिकीत बसवला. भला मोठा काळा खोका. डिकी संपली. एवढा स्वस्त की बेस कमी-जास्त करायचं बटण पुढं नव्हतंच. खोक्याच्या पाठीला बारीक भोक, त्यात पेचकस घालून फिरवायचं.

इरशाद पेचकस घेऊन वाकला तोच बिराप्पा म्हणाले, "थांब. रिकाम्या गाडीत सेटिंग कसलं करतोस? लोड भरून बघ."

"टायरची हवा न्हाय मामा ही, आवाज हाय."

"म्या तीस वर्षं गाडी चालवली का तू? रिकामी गाडी येगळी, भरलेली येगळी."

मग ते शेजारच्या टपरीवर आले आणि चहा पिणारे आम्ही चौघं जण त्यांनी जुन्या सवयीनं उचलले. मला पुढं बसवलं, जगदेवीच्या जागी. मागं पानवाला आणि त्याचं एक गिऱ्हाईक, म्हणजे दोन नातवंडं. आणि चौथा, वजनानं चांगला भरलेला माणूस, मधोमध सामान म्हणून. "हलू नको," बिराप्पांनी सामानाला सांगितलं.

गाणं लागलं. आम्ही चौघांनी बराच बेस पिऊन टाकला असावा, कारण बिराप्पा मागं वळून सारखे म्हणत होते, "वाढव. अजून." इरशाद पेचकस फिरवत राहिला. पोटात धडधडायला लागलं तेव्हा बिराप्पांचा चेहरा पंधरा माणसं भरल्यासारखा झाला. "आता बरोबर. जगी म्हणंल आप्पा येडे झाले."

पंचमीच्या आदल्या दिवशी ते हुमनाबादला गेले. तिथं काय झालं ते त्यांनी नंतर इरशादला सांगितलं, मी शेजारी होतो.

रुद्रेश धावत येऊन गाडीत बसला. दहा मिनिटं पुरा आवाज. "अज्जा, सुपर!" मग क्लासची वेळ झाली म्हणून गेला. जगदेवीनं जेवायला वाढलं. माहेरी न्यायची पिशवी भरलेली कुठं दिसेना, तेव्हा बिराप्पांना समजलं, तरी ते कढीचं कौतुक करत राहिले. शेवटी तीच म्हणाली, "आप्पा, पोरांची टेस्ट हाय. आन् खरं सांगू? आई न्हाय त्या घरात पंचमी मला व्हायची न्हाय. तुमीच ऱ्हावा इथं दोन दिवस."

"गाडी लावून ऱ्हायची सवय न्हाय मला," एवढंच ते बोलले आणि निघाले.

येताना गाडीत ते एकटे. चार माणसांनी प्यायचा बेस एकट्याच्या अंगावर आला. काचा थरथरायला लागल्या, मागचं झाकण वाजायला लागलं, गाण्याचे शब्द कुठं कळेनात. टेप बंद केला तर गाडी लई मोठी झाली. पुन्हा लावला. खाली उतरून पेचकस फिरवला असता तर दोन मिनिटांचं काम, पेचकस होताही. "पण हात जाईना," ते म्हणाले. तलमोडच्या नाक्यावर शेजारच्या ट्रकवाल्यानं हात जोडून आवाज कमी करायला सांगितलं.

पंचमी झाली आणि ते दुकानात आले. "इरशाद, बेस कमी कर."

इरशादनं डिकी उघडली. "किती माणसाचा ठेवू मामा?"

बिराप्पांनी खोक्यावर हात ठेवला. "दोघांचा."

"एकाचा करतो की. मस्त बसंल, शब्द न् शब्द कळंल."

"एकाचा नको."

इरशादनं पेचकस थोडा फिरवला, हात पुसले आणि तो दुकानाचं शटर अर्धं ओढून पुढच्या सीटवर बसला. "दोघांचा हाय तर दोघांनीच बघाया पाहिजे." ते बघणं पार येणेगूरपर्यंत गेलं.

परत आले तेव्हा दुकानापुढं एक गिऱ्हाईक उभं होतं. इरशाद घाईनं उतरला, पाठीमागं दार ढकललं आणि विचारलं, "ठीक है ना मामा?"

"व्हय. आता बरोबर हाय."

दार नीट लागलं नव्हतं. गाणं चालू होतं. बिराप्पा रिकाम्या सीटवरून आडवे झाले, हात लांब केला, आणि दार ओढून घेतलं.