थोरलीनं ठेवलेली वेळ

"अगं, मीच तुला कंपनीत चिकटवलं आणि माझ्याच कामाची चिरफाड करतेस?"

"चिरफाड नाही हो जाऊबाई, नुसतं वेगळं करतेय."

"वेगळंच करायचं तर चूल कर ना वेगळी!"

माझ्या दोन सुनांचं हे भांडण बरंच जुनं. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. कपडे संपले तरी तिथेच उभी, रिकाम्या दोरीला चिमटे लावत.

थोरली औषधांच्या दुकानांच्या कंपनीत होती. गावोगाव दुकानं, आणि प्रत्येक दुकानात बिलं सांभाळणारं एक मशीन. सर्व्हर म्हणतात त्याला. त्यानं काय करायचं ते थोरलीनं लिहिलेलं, तो कोड. दर दुकानाचा कोड निराळा, आणि त्यातच दुकानाचा पत्ता, प्रिंटर, बंद व्हायची वेळ गुंफलेली. कुठे काय ते तिलाच ठाऊक. एखाद्या दुकानानं जागा बदलली की फोन हिलाच. ताटावरून उठताना कुरकुरायची, पण चेहरा कसा खुललेला असायचा!

मग धाकटी आली. मला म्हणाली, "आई, शिंप्याची शर्ट शिवायची रीत एकच ना? मापं तेवढी वेगळी. जाऊबाईंनी प्रत्येक मापाबरोबर शिवणकामही पहिल्यापासून लिहिलंय. मी रीत एकीकडे ठेवते, मापं वेगळ्या फाइलमध्ये. म्हणजे माप कुणीही बदलावं."

ते "कुणीही" ऐकलं आणि थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

साहेबांना धाकटीची पद्धत पटली. कोडातली जुनी मापं उपसून फाइलमध्ये टाकायचं काम मात्र थोरलीलाच दिलं, दुसऱ्या कुणाला ती सापडणार? तिनं केलं, दात-ओठ खात. पुढे तिचा फोन गप्प झाला. धाकटीनं नवी चप्पल घेतली तरी हिच्या डोळ्यांत खुपायची. धाकटीनं केलेली भाजी दोनदा वाढून घ्यायची आणि वर म्हणायची, "मीठ जरा पुढेच गेलंय."

अशात हॉस्पिटलसमोरचं दुकान उशिरापर्यंत उघडं राहू लागलं. दुकान बंद झालं की मशीन थोडा वेळ बंद होऊन ताजंतवानं व्हायचं. धाकटीनं फाइलमध्ये नवी वेळ लिहिली, तरी मशीन जुन्याच वेळी बंद, ऐन गर्दीत. दुसऱ्या दिवशीही तेच. औषधाला आलेली माणसं रांगेत ताटकळली. साहेबांनी धाकटीला सुनावलं, उद्या पुन्हा असं झालं तर तुझी पद्धत बंद, जुनीच आणू.

म्हणजे थोरलीला हवं होतं तेच.

जेवताना धाकटी नुसती ताटात बोटं फिरवत होती. "वेळ बरोबर लिहिलीय, आई. मशीन ऐकतच नाही."

थोरली पाणी प्याली. पुन्हा प्याली.

"त्या दुकानाची वेळ कोडातच आहे अजून," ती म्हणाली. "तो तुझ्या फाइलकडे बघतच नाही."

"राहून गेली?"

"नाही. ठेवली. म्हटलं, एका दुकानानं तरी मला विचारावं."

"धन्य आहे तुमची! आजारी माणसं उभी होती तिथे, जाऊबाई."

"म्हणून तर घास उतरेना. कॉम्प्युटर आण इकडे."

"आणि साहेबांना काय सांगू?"

"तू नको, मी सांगते."

ताटं बाजूला सारून तिनं कोडातली ती वेळेची ओळ काढून टाकली. धाकटी शेजारी बसून बघत होती. सकाळी थोरली साहेबांपुढे उभी राहिली आणि पोटभर बोलणी खाऊन आली. धाकटीची पद्धत राहिली.

तुम्हाला वाटेल, मग दोघी गळ्यात गळे घालून हिंडल्या. छे! थोरली जळतच राहिली, फक्त आता तोंडावर. "साहेबांची लाडकी आली गं," म्हणून दार उघडायची.

वर्षं गेली, थोरली निवृत्त व्हायला आली. तिच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात नवं दुकान उघडायचं होतं. नवं मशीन लावायला नेहमी तीच जायची, तशीच निघाली. माझ्या गोळ्या संपल्या होत्या म्हणून मीही बरोबर. दुकानाची फाइल धाकटीनं लिहून दिली होती. थोरलीनं चष्मा लावून ती वरपासून खालपर्यंत वाचली. मग पुन्हा वाचली. चूक काही सापडेना. तोंड एवढंसं झालं बिचारीचं. मग तिनं मशीन सुरू केलं, माझ्या गोळ्यांचं बिल काढलं, त्यावरचा पत्ता बोट ठेवून तपासला. वायर कुणाच्या पायात येईल म्हणून भिंतीकडे सरकवली.

"मशीनवर काही ठेवू नका हं, तापतं ते," दुकानदाराला म्हणाली, आणि पर्स उचलून बसस्टॉपकडे चालू लागली.