हिरूबाईची दुसरी नळी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही, आणि त्याला तर मी रस्त्यात मांजर आडवं गेलं तेसुद्धा फोन करून सांगते. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं आई म्हणायची. हा एक तीळ मात्र भिजला. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही माझे कुणी नाही, म्हणून असेल. मी भरभर बोलते, मध्येच भलतीकडे जाते, पण येते परत. सांभाळून घ्या.

आधी आनंदाचं सांगते. ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी शहापूरकडे, हायवेलगतच्या एका इस्पितळात कामाला आहे. डॉक्टर नाही, नर्स नाही. सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आणि एका संशोधनाच्या कामात लागले. आयसीयूत सेप्सिसचे पेशंट येतात, त्यांचं रक्त घ्यायचं आणि तपासायचं. सेप्सिस म्हणजे — कुठेतरी जखम चिघळते, जंतू अंगात पसरतात, आणि त्यांच्याशी लढता लढता शरीर आपलेच अवयव बंद पाडायला लागतं. एवढं पुस्तकातही असतं. पण खरी गंमत पुढे आहे. गंमत म्हणाले ना मी? बघा, जीभ कशी असते.

जखम तशीच, जंतू तोच, वयही आसपासचं — आणि दोन माणसांची शरीरं दोन टोकांना. एकाचं शरीर असं पेटतं, की जंतू राहिले बाजूला, तोच भाजून निघतो. दुसऱ्याचं लढून लढून थकतं. ताप नाही, काही नाही. वरून बघाल तर म्हणाल, अरे वा, बरं वाटतंय की. आतून पहारेकरी झोपलेले. हे कसं ओळखायचं? रक्ताच्या नळीत मेलेल्या जंतूंच्या सालीचा अर्क टाकायचा आणि थांबायचं. पेशी चवताळतात, का ढिम्म बसतात? माणूस जे सांगू शकत नाही ते त्याचं रक्त सांगतं. पहिल्यांदा हे डोळ्यांनी पाहिलं तेव्हा मी जेवले नव्हते, आणि मला भूकही लागली नव्हती. अजूनही बोलताना अंगावर काटा येतो. खोटं कशाला सांगू?

एक गोष्ट इथेच सांगून ठेवते. या तपासणीचा त्या पेशंटला काही उपयोग नसतो. तिच्यावरून त्याचं औषध बदलत नाही. पुढे कधीतरी, दुसऱ्या कुणाला झाला तर होईल.

नमुने दोन लागतात. एक पेशंट आल्या आल्या आणि दुसरा काही दिवसांनी. पहिला बहुतेकांचा मिळतो. दुसऱ्याच्या आधीच कुणी दगावतं, कुणाला घरचे घेऊन जातात. म्हणून दुसरी नळी म्हणजे आमच्याकडे सोनं. आणि ती मिळवण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. का? माझं माहेर मुरबाडकडचं. वरच्या वाड्यांतली माणसं आली की बाकीचे पुस्तकी मराठीत समजावत बसायचे. मी जाऊन शेजारी उकिडवी बसायचे, 'काय झाला गो मावशे' म्हणायचे आणि राबाची गोष्ट सांगायचे.

राब म्हणजे भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजतात ना, ते. शेण, झाडांचा तोडलेला टहाळ, पालापाचोळा, वर माती, आणि मग आग. आमच्याकडे पोरासोरांना ठाऊक. राब नीट भाजला तर रोप सोन्यासारखं येतं. वाऱ्यावर भडकला तर आग बांध ओलांडून शेजारच्या पेंढ्यात जाते. ओला राहिला तर नुसता धूर, आणि पुढे गवतच गवत. तुमच्या माणसाच्या अंगातही असंच चाललंय, मी सांगायचे. माणसं माना डोलवायची. माझे साहेब म्हणायचे, या बाईला कुणी नाही म्हणत नाही. मला फार आवडायचं ते.

हिरूबाई राबासाठीच टहाळ तोडत होती. कोयता पायावर बसला. पाला चुरून बांधला आणि पुन्हा कामाला लागली. काळा पडलेला पाय घेऊन तिला आणली तोवर उशीर झाला होता. नवरा वाळकू, चाळिशीचा, काटक, गप्प माणूस. आयसीयूच्या बाहेर पायऱ्यांवर बसून असायचा. त्याच सुमारास वाशिंदचा एक कामगार दाखल झाला होता, हात मशीनमध्ये सापडलेला. जंतू तोच निघाला. त्याचं अंग तापाने फणफणलेलं. हिरूबाई थंड. माझ्या लक्षात आलं आणि मी हरखले. जोडी मिळाली होती. अशी जोडी मागून मिळत नाही.

दोघांच्या पहिल्या नळ्या मिळाल्या. राहिल्या दुसऱ्या.

हिरूबाई शुद्धीत होती, मास्क लावलेला. मी गेले की हळूच म्हणायची, "ताय, माला घरा धाड. आयस बघाची हाय." तिची आई वाडीत होती, पाय गेलेले, ती काही खाली उतरू शकत नव्हती. म्हणजे भेट व्हायची तर हिलाच वर जायला हवं होतं. मी म्हणायचे, हो हो, जाशील. आणि नळीवर नाव लिहायला लागायचे.

मग दुसऱ्या नळीच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी वाळकूला सगळं नीट सांगितलं. आशा थोडी आहे. उपचार चालू ठेवू, पण घरी न्यायची असेल तर अडवणार नाही. भला माणूस, काही लपवलं नाही. वाळकू तिथून उठला आणि सरळ माझ्याकडे आला. पाण्याच्या टाकीपाशी मी हात धूत होते.

"ताय, तुमी आमच्याकडच्या. खरं सांगा. नेऊ का तिला घरा?"

काय म्हणायला हवं होतं मी? मला यातलं कळत नाही, डॉक्टर म्हणाले तेच खरं, तुमचं तुम्ही ठरवा. इतकंच. शाळेतल्या पोरीलाही सुचलं असतं. मी हात पुसले, त्याच्या शेजारी बसले आणि राबाची गोष्ट सांगितली. भडकलेला राब, ओला राब, सगळी. आणि शेवटी म्हणाले — उद्या रगत घेतला का समजंल तिचा राब कसा हाय. मंग तसा औषध देतील. थांबा.

मंग तसा औषध देतील.

कुणी देणार नव्हतं. मला माहीत होतं. तो थांबला. वाडीतून दोन माणसं जीप घेऊन आली होती, त्यांना त्याने परत पाठवलं. जीप वळताना मी खिडकीतून पाहिली, आणि मला काय वाटलं सांगू? हुश्श वाटलं.

तुम्ही म्हणाल, इस्पितळात राहिली हेच बरं झालं, थोडी का होईना आशा होतीच की. मीही स्वतःला हे सांगून पाहिलंय. पण थांबा म्हणताना माझ्या मनात ती आशा नव्हती. हिरूबाईच नव्हती. फ्रीजमध्ये दुसऱ्या नळीसाठी रिकामी ठेवलेली एक खाच होती.

दुसऱ्या दिवशी रक्त घेतलं. शीर सापडेना. तिने मान दुसरीकडे वळवली, हात मात्र ओढून घेतला नाही. त्यानंतरच्या दिवशी ती गेली. वाळकू खाली गाडीची व्यवस्था बघत होता. वाडीपर्यंत रस्ता नाही, पुढे झोळी करून न्यायची होती. आणि मी वर लॅबमध्ये होते, कारण तपासणी पूर्ण झाली होती. वाशिंदवाल्याचं रक्त पेटून उठलेलं. हिरूबाईचं — काही नाही. सपाट. पहिल्या नळीत थोडी धुगधुगी होती, दुसऱ्यात तीही नाही. पुस्तकात चित्र काढावं इतकं स्वच्छ. मी टाळी वाजवली. ती गेलीय हे मला माहीत होतं का? माहीत होतं. तरी वाजवली.

वाशिंदवाला बरा झाला. डावीकडे तो आणि उजवीकडे ती, असं आमचं आलेखाचं चित्र मोठमोठ्या लोकांनी पाहिलं. कौतुक झालं. नाव कुणाचंच नव्हतं त्यावर, पण उजवीकडची रेघ मला कुठेही ओळखू येते.

पुढच्या उन्हाळ्यात मुरबाडच्या बाजारात वाळकू भेटला. करवंदं घेऊन बसला होता, सोबत भाऊ. मी नजर चुकवून पुढे जाणार, तोच त्याने हाक मारली. भावाला म्हणाला, ह्याच त्या ताय. मग माझ्याकडे बघून, अगदी हळू, विचारलं, "रगत बघून औषध दिला व्हता ना तिला?"

माझ्याकडे दुसरी संधी होती. भर बाजारात, दिवसाढवळ्या, समोर उभी. मी म्हणाले, "दिला व्हता."

त्याचा चेहरा सैल पडला. "मंग बरा झाला थांबलो तं. नायतर तिची आयस म्हणते, तू माझे पोरीला आणली नाय." त्याने पानाच्या द्रोणात करवंदं भरली, वर आणखी एक मूठ घातली. पैसे घेईना. मी घेतली. घरी जाताना बसमध्ये बसून खाल्लीसुद्धा. गोड होती.

राबाची गोष्ट मी अजून सांगते. शेवटचं वाक्य गाळून. तरी माणसं आपणहून विचारतात, म्हणजे मग तसं औषध देणार ना? आता मी नाही म्हणते. काहीजण मग नळी भरू देत नाहीत. साहेब म्हणतात, तुझी जादू कमी झाली.

आणि ती सपाट रेघ आठवली की मला अजून आनंद होतो. हे सगळ्यात वाईट, म्हणून शेवटी ठेवलं. हिरूबाईला आईकडे जायचं होतं. मला दुसरी नळी हवी होती. मला मिळाली.