डावीकडचा आरसा

दादाराव तायड्यांनी एकतीस वर्षं सरकारी गाडी चालवली आणि एवढ्या वर्षांत तिला साधा ओरखडा येऊ दिला नाही. ही गोष्ट ते स्वतःहून कुणाला सांगत नसत. समोरच्याने विचारावी अशी सोय मात्र बोलण्याबोलण्यात करून ठेवत. अकोल्याकडून पंचविशीत दिल्लीला आले, एका मंत्रालयाच्या मोटारखान्यात लागले. तेव्हापासून सात साहेब झाले. प्रत्येकासाठी त्यांनी मागचं डावं दार उघडलं आणि लावलं. त्या सीटवर ते स्वतः कधी बसले नाहीत.

निवृत्तीला चार वर्षं असताना त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. पाठ धरते, असं घरी सांगितलं. पाठ ठणठणीत होती. डावा डोळा काचबिंदूने जवळजवळ गेला होता आणि उजवाही कडेकडेने मिटत चालला होता. डॉक्टर म्हणाले होते, गेलं ते परत येणार नाही, राहिलंय ते थेंब घालून सांभाळायचं. आपल्याला दिसत नसताना साहेबाला गाडीत घालून फिरवायचं, हे दादारावांना पटेना. नोकरी सोडण्याइतके ते प्रामाणिक होते. बायकोला खरं सांगण्याइतके नव्हते. कौसल्याबाई एका सरकारी कार्यालयात कारकून, आर. के. पुरमचं क्वार्टर त्यांच्याच नावावर, त्यामुळे घर सोडायची वेळ आली नाही आणि कुणी फार खोलात शिरलंही नाही. थेंबांची बाटली जुन्या गणवेशाच्या खिशात राहू लागली.

मग त्यांनी एकच ध्यास घेतला. उजेड आहे तोवर समताला गाडी शिकवायची. समता त्यांची एकुलती एक, तेवीस वर्षांची, गुडगावला एका कंपनीत नोकरीला. तिला द्यायला दादारावांकडे शेत नव्हतं, प्लॉट नव्हता, मोठ्या ओळखी नव्हत्या. गाडीवरचा हात होता, तेवढा द्यायचा होता. डोळ्यांचं कळलं तर ती आपल्याला शेजारी बसू देणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून ते गप्प राहिले. चालवणार ती, आपण नुसतं बोलायचं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

घरची जुनी पांढरी वॅगनआर होती. मागच्या काचेवर लाल चिकटपट्टीचा एल लावला आणि दर रविवारी सकाळी सेक्टरातल्या आतल्या रस्त्यांवर शिकवणी सुरू झाली. पहिल्याच दिवशी दादारावांनी हात बाहेर काढून डावीकडचा आरसा दुमडून टाकला.

"बाबा, आरसा क्यूँ बंद केला?" समताने विचारलं.

"आरशाची सवय लागली की माणूस मान वळवत नाही. अँबॅसेडरला डावीकडे आरसाच नसायचा. शेजारी बसलेला अर्दली, साहेबाचा शिपाई, हाच आरसा. आमचे भाऊसाहेब अठरा वर्षं माझ्या डावीकडे बसले. वळण आलं की ते बघून म्हणायचे, क्लिअर. मी डोळे मिटून वळवायचो."

"म्हणजे आता तुम्ही माझे भाऊसाहेब?"

"बिल्कुल. मी क्लिअर म्हटल्याशिवाय वळायचं नाही. म्हटलं की थांबायचं नाही."

मोटारखान्यातल्या जुन्या माणसांची ही रीत. त्यांच्यात ती चालून गेली, कारण भाऊसाहेबांना दोन्ही डोळ्यांनी लख्ख दिसत होतं. दादाराव मान पुरती डावीकडे वळवून, उजव्या डोळ्याने चाचपून मग "क्लिअर" म्हणत. चार रविवार सुरळीत गेले. समताचा क्लच सुधारला, गिअर बदलताना गाडी हिसके देईना. "हात माझाच आहे तिला," असं दादाराव कौसल्याबाईंना सांगत आणि चहाचा दुसरा कप मागत. त्या महिनाभरात ते जितके सुखात होते तितके नोकरीतही नव्हते.

पाचव्या रविवारी शाळेच्या कोपऱ्यावर डावीकडे वळायचं होतं. समताने इंडिकेटर दिला. दादारावांनी मान वळवली, रस्ता दिसला, म्हणाले, "क्लिअर." समताने चाक फिरवलं आणि धडक बसली.

सेक्टरातला इस्त्रीवाला सायकलवर कपड्यांचं गाठोडं घेऊन गाडीच्या अगदी कडेने चालला होता. दादारावांच्या खिडकीपासून दोन हातांवर. तो आडवा झाला, गाठोडं सुटलं, लोकांचे परीटघडीचे शर्ट धुळीत पसरले. मनगट धरून तो रस्त्यावर बसून राहिला. समता धावली. ती रडत रडत शर्ट गोळा करत होती.

"भैया, गलती मेरी है," ती म्हणाली. "पापा ने बोला नहीं था, मैंने पहले ही मोड़ दी."

दादाराव तिथेच उभे होते. त्यांनी "क्लिअर" म्हटलं होतं, स्पष्ट, खणखणीत. तिने ते ऐकलंही होतं. पण बाबा चुकू शकतात हे तिच्या डोक्यातच येत नव्हतं. त्यापेक्षा आपलेच कान चुकले, हे तिला सोपं वाटलं. चार माणसं जमली होती. त्यांच्यापैकी एक जण म्हणाला, "अरे तायडेजी, आप तो उस्ताद हैं, बच्ची से हो जाता है." दादारावांनी मान डोलावली.

इस्त्रीवाल्याचं हाड मोडलं नव्हतं, मनगट मुरगळलं होतं. त्याला पट्टी बांधून आणली, कपडे कौसल्याबाईंनी पुन्हा धुऊन दिले. घरी आल्यावर समताने मागच्या काचेवरचा एल नखांनी खरवडून काढला.

"मला नाही जमणार, बाबा. तुम्ही म्हणायच्या आधीच मी वळवली असणार."

"होतं असं, बेटा," दादाराव म्हणाले.

एकतीस वर्षांच्या बिनओरखड्याच्या नोकरीवर या दोन शब्दांनी पाणी पडलं. धडकेचा हिशेब डोळ्यांच्या नावावर टाकता आला असता. पण हे "होतं असं" डोळ्यांनी म्हटलं नव्हतं. पाच दिवस ते घरात चोरासारखे वावरले. समता मेट्रोने जाई, मेट्रोने येई. बाहेर ब्रेक करकचला की ती दचके आणि ताट पुढे सारून उठे. ते बघायला मात्र दादारावांचा डोळा शाबूत होता.

शुक्रवारी संध्याकाळी ती आली तशी त्यांनी तिला खाली गाडीपाशी नेलं. चालकाच्या सीटवर बसवलं, स्वतः डावीकडे बसले आणि समोरच्या काचेतून बघत राहिले.

"माझ्या डावीकडे ये. खिडकीशी उभी राहा आणि बोटं दाखव."

"म्हणजे?"

"दाखव तर."

ती उतरली, वळसा घालून आली, खिडकीबाहेरून बोटं धरली. "किती?"

"दिसत नाहीत."

तिने हात जवळ आणला. दादाराव समोरच बघत होते. "अजून नाही." तिने हात खिडकीच्या आत घातला, त्यांच्या गालाशी आणला. तो नाकासमोर आला तेव्हा कुठे ते म्हणाले, "दोन."

समताचा हात तसाच राहिला. दादारावांनी सगळं सांगितलं. पाठीचं, थेंबांचं, आणि शेवटी क्लिअरचं. "मी म्हटलं होतं, बेटा. तू बरोबर ऐकलंस. चूक माझी होती आणि मी ती तुझ्या गळ्यात राहू दिली."

तिने हात मागे घेतला. मग म्हणाली, "मी पाच दिवस झोपले नाही, बाबा."

समताने दुमडलेला आरसा उलगडून सरळ केला आणि ती एकटीच वर निघून गेली. कौसल्याबाईंना त्या रात्री कळलं. त्यांनी आरडाओरडा केला नाही. गणवेशाच्या खिशातली बाटली काढून देव्हारा नसलेल्या त्या घरात बुद्धांच्या मूर्तीशेजारी, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली.

पुढचं समता मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकली. विक्रांत नावाचा एक पोरगेला शिक्षक दुहेरी पेडलची गाडी घेऊन यायचा. दादाराव बाल्कनीत उभे राहत. गाडी अगदी समोर आली की तेवढ्यापुरती दिसे, मग नाहीशी होई. राहिलेलं ते कानांनी ऐकत. गिअर नीट पडला की त्यांना बरं वाटे, आणि तो दुसऱ्याने शिकवलाय हे आठवलं की ते बाल्कनीतून आत जात.

मार्चमध्ये तिला पक्कं लायसन्स मिळालं. दादारावांच्या डोळ्यांच्या तपासणीची तारीख होती त्या दिवशी तिने रजा काढली. गाडीपाशी आल्यावर दादाराव सवयीने पुढच्या डाव्या दाराकडे गेले आणि थांबले. ती जागा आता आपली नाही, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. ते मागचं दार चाचपू लागले. समताने ते उघडून धरलं आणि ते बसल्यावर हलकेच लावलं.

खालच्या मजल्यावरच्या अलकनंदाबाई कपडे वाळत घालत होत्या. "अरे वा दादाराव, आज तुम्ही साहेब!" त्या म्हणाल्या. दादाराव हसले.

शाळेचा कोपरा आला. इंडिकेटर टिकटिकू लागला. समताने आरशात बघितलं, मग मान वळवून पाहिलं. समोर असल्यामुळे तेवढं त्यांना दिसलं. रस्ता मोकळा आहे हे तिला कळलं होतं. तरी ती थांबली.

"बाबा, क्लिअर?"

दादारावांनी खिडकीकडे तोंड केलं. तिकडे समोरच्या टिचभर तुकड्यापलीकडे त्यांच्यासाठी काहीच नव्हतं.

"क्लिअर," ते म्हणाले, आणि समताने गाडी वळवली.